दुप्पट रेजची शिकवणी: सहा रविवार, साडेसहा हजार आणि मांडवीतली एक रात्र

पोकरचा हा क्लास चांगला आहे, पण अर्धा आहे. एवढं वाचून थांबायचं असेल त्यांनी थांबावं.

मी सावंतवाडीत मेडिकल चालवतो. गाव गंजिफाचं. एकशेवीस पत्त्यांचा दशावतारी गंजिफा इथे अजून हाताने रंगवतात, पण तो खेळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, माझे आजोबा. बाकी आम्ही सगळे मेंढीकोट आणि तीन पत्तीवाले. पोकर मला करोनात लागलं, मोबाइलवर, शंभर-दोनशे रुपयांच्या टूर्नामेंटमध्ये. चार वर्षं माझं ठरलेलं होतं: पाचशे जण बसले की मी दीडशेच्या आसपास बाहेर. मोठी चूक म्हणावी अशी एकही नसायची. स्टॅक, म्हणजे माझ्यापुढचा चिपांचा ढीग, नुसता झिजायचा. एक्स्पायरी जवळ आलेल्या मालासारखा, रोज थोडा थोडा.

कारण मला कळत होतं. डावाआधी सक्तीने भरतात त्या मोठ्या पैशाच्या, म्हणजे बिग ब्लाइंडच्या, तीनपट, चारपट रेज करायचो (बोली वाढवायचो), मागून कुणी ऑल-इन टाकला, म्हणजे सगळ्या चिपा लावल्या, की पत्ते फेकायचो. असं तीनदा झालं की तिसरा हिस्सा स्टॅक गायब. म्हणून 2025 च्या जुलैत एका पुण्याच्या मुलाचा ऑनलाइन क्लास लावला. विषय एकच: फ्लॉप, म्हणजे मधे उघडे टाकतात ते पहिले तीन पत्ते, पडायच्या आधीचा खेळ, आणि त्यातही मुख्य म्हणजे छोटा रेज करून, बाकीच्यांना पळवून ब्लाइंड कसे उचलायचे. यालाच चोरी म्हणतात. रविवारी रात्री नऊ ते अकरा, सहा रविवार. आम्ही एकतीस जण होतो. शिकवणारा माझ्या मुलापेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल, पण ग्रुपवर सगळे ‘सर’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

पहिले दोन रविवार वाया गेले असं माझं मत. बटण म्हणजे काय (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारी खुर्ची), कुठल्या खुर्चीला काय म्हणतात, हे ज्याला येत नाही तो साडेसहा हजार भरून येत नाही. कुठल्या पत्त्यांवर काय करायचं त्याच्या रंगीत तक्त्यांची एक फाइल मात्र मिळाली, ती मी झेरॉक्सवाल्याकडून छापून इन्सुलिनच्या फ्रिजच्या कडेला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी चिकटवली. अजून आहे.

खरा क्लास तिसऱ्या रविवारी सुरू झाला. सरांनी पत्त्यांचा विषयच काढला नाही. नुसता भागाकार केला. स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक, आणि बिग ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलाची म्हणून भरतो ती अँटी एक. म्हणजे कुणी पत्ता बघायच्या आधीच मधे अडीच ब्लाइंड पडलेले असतात. ते उचलायला मी दोन लावले, तर दोन भागिले साडेचार, 44.4 टक्के. शंभरातल्या पंचेचाळीस वेळा सगळे पळाले तरी माझं नुकसान नाही. तेच मी तीन लावले, तर तीन भागिले साडेपाच, 54.5 टक्के. आणि अँटी नसेल तर? मधे दीडच. दुप्पट रेजला 57.1 लागतात, तिप्पटला 66.7, म्हणजे तीनातून दोनदा चोरी यशस्वी व्हायला हवी.

मी सोळा ते वीस टक्के मार्जिनवर धंदा करणारा माणूस. मला हे एका झटक्यात उतरलं. खरेदी स्वस्त झाली की विक्री थोडी कमी झाली तरी चालतं. चार वर्षं मी एकाच मालाला दीडपट भाव देत होतो.

तीन पत्तीवाल्यांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता केलेली चाल, ती मर्दुमकी. पोकरमधला ब्लाइंड म्हणजे सक्तीने भरलेला पैसा, आपल्या बुटासारखा, फक्त तो आळीपाळीने दोघांनीच भरायचा. आणि अँटी पूर्वी प्रत्येक जण आपापली टाकायचा, त्यात चिल्लर मोजण्यात वेळ जायचा. 2018 च्या आसपासपासून मोठ्या टूर्नामेंटमध्ये एकट्या बिग ब्लाइंडने सगळ्यांची भरायची पद्धत रुळली. हा बूट जितका मोठा तितका चोरीचा मोह मोठा, एवढं कळलं की पुरे.

त्याच तासातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटला. सर म्हणाले, रेज यशस्वी होतो तेव्हा तो दुप्पट होता की तिप्पट, याने मिळकतीत फरक पडत नाही. अडीचच मिळतात. फरक पडतो तो फसतो तेव्हा. मागे वीस ब्लाइंडवाले तीन जण बसलेत, त्यातल्या एकाने ऑल-इन टाकला, तुमच्याकडे नव्वी-सत्ती आहे, तुम्ही पत्ते टाकणार. त्या टाकण्याची किंमत दोन की तीन? त्यांच्या तोंडी सारखं एक वाक्य असायचं, ‘स्वस्तात विचारा’. एकदा कुणीतरी विचारलं, मग दुप्पटपेक्षाही कमी का नाही? तर नियमच तसा आहे, पहिला रेज बिग ब्लाइंडच्या निदान दुप्पट असावाच लागतो. म्हणजे दुप्पट हा सगळ्यात स्वस्त प्रश्न.

चौथा रविवारही चांगला गेला. सुरुवातीला स्टॅक दीडशे ब्लाइंडचे असतात आणि अँटी नसते, तेव्हा दुप्पट रेज करून काही साधत नाही, अडीच-तीनपट ठेवा. स्मॉल ब्लाइंडमधून दुप्पट कधीच नको, कारण समोरचा एकटा बिग ब्लाइंड राहतो, त्याला स्वस्तात फ्लॉप बघायला मिळतो आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तो तुमच्यानंतर बोलतो. तिथून खेळायचंच तर तिप्पट, नाहीतर नुसता कॉल, म्हणजे आधीच्या बोलीइतकेच टाकायचे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

आता ऑगस्ट. पाचव्या रविवारी, 17 तारखेला, गृहपाठ मिळाला: छोट्या दहा ऑनलाइन टूर्नामेंट खेळा, चोरीच्या हातांची नोंद पाठवा, सहाव्या रविवारी त्यावर बोलू. बुधवारी 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक पास, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायची सगळी अ‍ॅप्स गपगार. माझे दहापैकी तीन झाले होते. 24 तारखेला सहाव्या क्लासला एकतीसमधले बाराच आले. मीसुद्धा मोबाइल माटवीच्या दांड्याला टेकवून एकीकडे नारळ, तोरिंजन बांधत ऐकत होतो, कारण बुधवारी गणपती. सरांचा चेहरा पडला होता, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कुणीतरी अर्धी फी परत मागितली. सर म्हणाले, ‘खेळ बंद झालाय, शिकवणी नाही.’ बरोबर आहे. पण गृहपाठ तपासणं हा फीचा भाग होता, आणि त्याऐवजी आम्हाला जुन्याच बॅचच्या हातांची उजळणी मिळाली. निदान एक जादा तास द्यायला हवा होता. ही पहिली तक्रार, लहान.

गणपतीत मी घरच्या घरी प्रयोग केला. रात्री जागायचं असतंच, पत्ते असतातच. चिंचोके वाटले, प्रत्येकाला शंभर. ब्लाइंड एक-दोन, अँटी दोन. मी बटणावरून ऐटीत चार चिंचोके सारायचो आणि पाचही चुलतभाऊ, काकू, पुतण्या, सगळे कॉल. काकू तर पत्ते न बघताच. म्हणाली, ‘चारच आहेत ना, बघूया तरी.’ पहाटे तीनला माझ्याकडे अकरा चिंचोके आणि काकूपुढे ढीग. तेव्हा हसलो. तिचं ते वाक्य हीच क्लासमधली खरी फट होती, हे नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबरात पणजीला गेलो. मांडवीतल्या एका बोटीवर टूर्नामेंट होती, एन्ट्री पंधरा हजार, स्टॅक तीस हजारांचा. मेव्हणा म्हापशाचा, त्याने जेटीपर्यंत सोडलं. त्याला आत येता येत नाही, 2020 पासून गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. माझ्या आधारकार्डावर महाराष्ट्र, मला रेड कार्पेट. ‘माझ्या नदीत तुझी मजा,’ म्हणून तो काजूची फेणी प्यायला निघून गेला.

आत बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दोनदा माझी अब्रू गेली, दोन्हीदा क्लासच्या कृपेने. ब्लाइंड 600-1200 होते. मला दुप्पट, म्हणजे चोवीसशे करायचे होते. सुटे नव्हते, म्हणून पाच हजाराची एक चिप पुढे टाकली आणि गप्प बसलो. डीलर म्हणाला, ‘कॉल है सर.’ मी म्हटलं, रेज आहे. नाही. एकच मोठी चिप न बोलता टाकली तर तो कॉल, हा जगभरचा नियम. माझी चोरी बाराशेच्या लिंपमध्ये, म्हणजे नुसत्या कॉलमध्ये, बदलली आणि मागून चार जण आत आले. पुढच्या फेरीला शहाणा झालो, आधी ‘रेज’ म्हटलं आणि मग चिप टाकली. डीलर म्हणाला, ‘रेज, पाँच हजार.’ आकडा न सांगता नुसतं रेज म्हटलं की त्या चिपेची पूर्ण किंमत धरतात! दुप्पट रेज शिकायला साडेसहा हजार दिलेला माणूस चौपटीहून जास्त रेज करून बसला, हातात गुलाम-अठ्ठी. तिसऱ्या वेळी मात्र आधी तोंडाने ‘चोवीसशे’ आणि मग चिप. स्क्रीनवर बटण दाबणाऱ्यांना हे कधी लागत नाही, पण त्या सरांच्या जवळपास सगळ्या विद्यार्थ्यांना आता खुर्चीवर बसूनच खेळायचंय. पाच मिनिटांचं काम होतं. ही दुसरी तक्रार.

तिसरी आणि मोठी. माझ्या डावीकडे एक खुर्ची सोडून सुरतेचे एक शेठ होते. मी बटणावर असलो की ते नेमके बिग ब्लाइंडवर. मी चोवीसशे म्हटलं की ते चिपांकडे न बघता बाराशे टाकायचे, ‘बस इतना ही?’ मला काकू आठवली. आणि खरं सांगायचं तर शेठ चुकत नव्हते. मधे माझे 2400, त्यांचे आधीचे 1200, स्मॉल ब्लाइंडचे 600, अँटी 1200, एकूण 5400. ते बघायला त्यांना फक्त 1200 लागतात. बाराशे भागिले सहासष्टशे, 18 टक्के, म्हणजे शंभरात साधारण अठरा वेळा जिंकले तरी त्यांचं नुकसान नाही. या भावात जवळजवळ कुठलेही दोन पत्ते घेऊन बघायला बसता येतं. मी तिप्पट केलं असतं तर त्यांना 27 टक्क्यांचा भाव पडला असता.

म्हणजे माझा 44 टक्क्यांचा स्वस्त भाव आणि शेठचा 18 टक्क्यांचा स्वस्त भाव एकाच रेजमधून निघतात. क्लासमध्ये पहिला आकडा मोठ्या अक्षरात होता, दुसरा एका स्लाइडच्या तळाला. सरांनी उत्साहात ‘बटणावरून कुठलेही दोन चालतात’ असं म्हटलं होतं, ते मी वहीत लिहिलंय. हिशेब करून बघा. स्मॉल ब्लाइंडवाला शंभरात ऐंशीदा पळाला असं धरलं तरी 44 जमायला बिग ब्लाइंडने छप्पन्नदा पळायला हवं. 18 टक्क्यांचा भाव मिळत असताना कुठला समजदार माणूस छप्पन्नदा पळेल? म्हणजे छोटा रेज बऱ्याचदा चोरी राहतच नाही. तुम्ही बिग ब्लाइंडसोबत एक छोटा डाव खेळायला बसता, फायदा एवढाच की तुम्ही त्याच्यानंतर बोलता आणि तुमचे पत्ते सरासरीने बरे असतात. मग तो छोटा डाव खेळता यायला हवा. फ्लॉपवर किती लावायचं, कधी सोडायचं, शेठ दुसऱ्यांदाही कॉल करतायत तेव्हा काय करायचं. यावर सहा रविवारांत एक मिनिट नाही. क्लासचं नाव प्रीफ्लॉप आहे हे मान्य, पण पोहायला शिकवताना पाण्यात उडी मारेपर्यंतच शिकवावं असं झालं हे.

शेठपुढे दोन तासांत माझे आठ-नऊ हजार गेले. मग मी साधी गोष्ट केली, त्यांच्या ब्लाइंडवर चोरी बंद. चांगले पत्ते आले तर तिप्पट, नाहीतर पत्ते खाली. तेही तिप्पटला त्याच उत्साहाने कॉल करायचे, आणि एकदा माझ्या राण्यांच्या जोडीला त्यांनी किलवर सत्ती-पंजीवर शेवटपर्यंत साथ दिली. गेलेले परत आले, वर बरेच. शेठ रात्री अकराला हसत हसत रुलेटकडे गेले.

आणि आता क्लासचे पैसे वसूल झाले तो भाग. एकूण 58 एन्ट्री, बक्षीस नऊ जणांना. अकरा उरले, माझ्या टेबलावर सहा. ब्लाइंड 3000-6000, अँटी 6000, माझ्याकडे 1,32,000, म्हणजे बावीस ब्लाइंड. हवा एकदम बदलते तिथे. दोन जण बाहेर पडले की सगळ्यांना पैसे, म्हणून प्रत्येक जण घड्याळाकडे आणि दुसऱ्या टेबलाकडे बघत बसतो. माझ्या डाव्या हाताला एक खुर्ची सोडून बेळगावचे एक काका होते, रिटायर्ड, नाकावर चष्मा, प्रत्येक हात नीट बघून नीट परत ठेवणारे. त्यांना शेठसारखा भाव दिसतच नव्हता. त्यांना फक्त नववा नंबर दिसत होता.

पुढची चाळीसेक मिनिटं मी मोबाइलच्या नोंदीत लिहून ठेवली, सवय दुकानाची. सात वेळा बारा हजारांचा रेज केला. पाच वेळा सगळे पळाले, दर वेळी पंधरा हजार. दोनदा कुणी ऑल-इन टाकला, मी पत्ते सोडले, दर वेळी बारा हजार गेले. पाच गुणिले पंधरा, पंचाहत्तर हजार, वजा चोवीस, एक्कावन्न हजार नफा. ऐकायला भारी वाटतं. पण तेवढ्या वेळात तीन फेऱ्या झाल्या, आणि दर फेरीला माझे स्वतःचे ब्लाइंड आणि अँटी मिळून पंधरा हजार, म्हणजे पंचेचाळीस गेले. उरले सहा हजार. 1,32,000 चे 1,38,000 झाले.

बघणाऱ्याला वाटेल, एवढी झटापट करून एक ब्लाइंड कमावला? हो. तेच सातही रेज मी माझ्या जुन्या सवयीने तिप्पट केले असते, तर मिळकत तेवढीच, पंचाहत्तर, आणि दोन फसलेल्यांचे चोवीसऐवजी छत्तीस. शेवटी माझ्याकडे 1,26,000 राहिले असते. आणि चोरीच केली नसती तर 87,000, साडेचौदा ब्लाइंड. चार वर्षं माझा स्टॅक नेमका या दोन वाटांनी झिजत होता. त्या रात्री पहिल्यांदा तो जागच्या जागी उभा राहिला, आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावर दोघं बाहेर पडले. टाळ्या वाजल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, ‘आता बघ तू.’

मी ऐकायला हवं होतं. सात जण उरले, ब्लाइंड 4000-8000. मी बटणावर, बदामाचा एक्का-अठ्ठी, सोळा हजार केले. काका बिग ब्लाइंडवर, आणि तासाभरात पहिल्यांदा त्यांनी सगळ्या चिपा पुढे केल्या, 1,10,000. मला 94,000 लावून 1,38,000 मिळवायचे होते, साडेचाळीस टक्के पुरे. फ्रिजच्या कडेच्या तक्त्यात हा कॉल आहे. पण तक्ता काकांना ओळखत नाही. मी कॉल म्हटलं. त्यांचा एक्का-गुलाम. पाचही पत्ते पडले, त्यात अठ्ठी नव्हती. आणखी दोन डावांत उरलेलेही गेले, मी सातवा. ही चूक माझी, क्लासची नाही. स्वस्तात विचारलं होतं, उत्तर आलं होतं, ते ऐकून पत्ते खाली ठेवले असते तर सोळा हजारांवर भागलं असतं.

सातव्या नंबरचे तीस हजार, कर कापून हातात एकवीस. एन्ट्री पंधरा. राहिलेल्या सहा हजारांत क्लासची फी पाचशेने कमी पडते, आणि मेव्हण्याच्या फेणीचं बिल त्यात धरलेलं नाही.

कुणी घ्यावा? ज्याला खेळ येतो पण टूर्नामेंटच्या मधल्या टप्प्यात जो झिजून मरतो, त्याने तिसऱ्या-चौथ्या रविवारासाठी जरूर घ्यावा. पाचात साडेतीन गुण देतो. ज्याला फ्लॉपनंतरचं अजिबात येत नाही, त्याने आधी ते कुठेतरी शिकावं, नाहीतर शेठसारखा एक माणूस रोज भेटेल. अभ्यासाला अ‍ॅप नाही, त्यामुळे सहा जणांची घरगुती बैठक असेल तरच तक्ते अंगवळणी पडतील. चिंचोके चालतात.

परत आल्यावर सरांना मेसेज केला, एका मोठ्या चिपेचा नियम पुढच्या बॅचला सांगा, आणि कॉल आल्यावर काय करायचं त्यावर दोन तास घ्या. चिपेचं त्यांनी मान्य केलं, थँक्यू काका म्हणाले. दुसऱ्यासाठी एक लिंक पाठवली. ‘फ्लॉपनंतर’, आठ रविवार, नऊ हजार. जुन्या विद्यार्थ्यांना दहा टक्के सूट.